जन्मखूण की जखम? सीटी स्कॅनमधील महाधमनीचा फुगवटा समजून घेऊ

अपघाताची बातमी वस्तीत आली की पहिला प्रश्न असतो, "जीव वाचला ना?" दुसरा प्रश्न, "हाडबिड मोडले नाही ना?" तिसरा प्रश्न मात्र कागदातून उभा राहतो. सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात येतो, त्यातले अर्धे शब्द वाचता येत नाहीत आणि जे वाचता येतात ते भीती घालतात.

टेम्पो चालवणाऱ्या एका तरुणाच्या घरी आम्हाला असाच निरोप देऊन बोलावले होते. समोरच्या ट्रकला टेम्पो धडकला, स्टिअरिंग छातीवर आदळले. दोन बरगड्या मोडल्या, बाकी माणूस शुद्धीवर, बोलत होता. रात्री छातीचा सीटी स्कॅन झाला. घाईत कुणीतरी सांगितले, "छातीतल्या मुख्य नसेला फुगा दिसतोय." घरच्यांनी ऐकले, "नस फुटली." शेजारच्या मुलाने मोबाइलवर शोधले, तर 'महाधमनी फाटल्यास मृत्यू' असे काहीतरी समोर आले. पहाटेपर्यंत आईने डोरले गहाण टाकायची तयारी केली होती. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी त्याच स्कॅनची चित्रे वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि सांगितले, "हा फुगवटा जन्मापासूनचा आहे. अपघाताशी याचा संबंध नाही."

दुसरे घर याच्या उलट. परांचीवरून खाली पडलेला गवंडी. अंगावर फक्त खरचटलेले, पाठीत थोडे दुखत होते. "खाडे नको पडायला, मी घरी जातो," असे म्हणत तो सही करून निघायला बसला होता. त्याच्या रिपोर्टमध्ये मात्र महाधमनीच्या आतल्या थराला चीर होती. भावाने हात धरून बसवून ठेवले म्हणून तो राहिला, उपचार झाले, आज कामावर आहे.

दोन्ही घरांत शब्द जवळपास सारखे होते: 'एओर्टा', 'इस्थमस', 'फुगवटा'. अर्थ मात्र जमीन-अस्मानाचा. या फरकाची ओळख आज आपण करून घेऊ. रिपोर्ट वाचून निदान करणे हे आपले काम नाही. डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, कुठे घाबरायचे नाही आणि कुठे मुळीच गाफील राहायचे नाही, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

महाधमनी म्हणजे काय?

हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. डॉक्टर तिला 'एओर्टा' म्हणतात. वस्तीला पाणी देणारी मुख्य पाइपलाइन आणि तिच्यातून घरोघरी जाणारे फाटे आपण रोज पाहतो. तसेच हे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त या वाटेने जाते.

महाधमनी हृदयातून निघून आधी वर चढते, मग काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याच्या कडेने खाली पोटात उतरते. वळणाच्या भागाला कमान म्हणतात. कमानीतून तीन मोठे फाटे डोक्याकडे व हातांकडे जातात. तिसरा फाटा डाव्या हाताचा. तो सुटल्यावर लगेच पुढे जो थोडासा भाग येतो त्याला 'इस्थमस' म्हणतात. आजच्या लेखातले सगळे नाट्य या जेमतेम दोन बोटांच्या जागेत घडते.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर गुळगुळीत आणि नाजूक, मधला थर जाड व लवचीक, बाहेरचा थर पातळ पण चिवट. हे तीन थर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

अपघातात इजा होते तरी कशी?

भरधाव बसने करकचून ब्रेक मारला की बसलेला माणूस जागेवर राहतो, उभा असलेला पुढे फेकला जातो. छातीच्या आत असेच घडते. कमानीचा भाग हृदयाबरोबर हलता असतो. खाली उतरणारा भाग मात्र पाठीच्या कण्याला बारीक फाट्यांनी बांधलेला असतो. वेगातले शरीर एकदम थांबले की हलता भाग पुढे जातो, बांधलेला भाग मागे राहतो आणि दोघांच्या सांध्यावर, म्हणजे इस्थमसवर, ताण येतो. छाती दाबली गेल्याने धमनीतला दाब अचानक वाढतो. शिवाय पुढची हाडे आणि मागचा कणा यांच्यामध्ये ती चिमटली जाते. ही सारी कारणे एकत्र काम करतात. म्हणूनच या इजेतून जे जिवंत दवाखान्यात पोचतात, त्यांच्यात साधारण दहापैकी नऊ वेळा इजा इस्थमसच्याच आसपास सापडते.

ही इजा नवी नाही. घोड्यावरून पडलेल्या माणसाची महाधमनी फाटल्याचे वर्णन शरीररचनेचे अभ्यासक आंद्रेआस व्हेसॅलियस यांनी १५५७ सालीच केले होते. मोटारी आल्या, वेग वाढला, तसे प्रमाणही वाढले. अमेरिकेत १९५८ साली पार्मली व सहकाऱ्यांनी अशा मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की महाधमनी फाटलेल्या दहापैकी आठहून अधिक लोकांचा मृत्यू अपघाताच्या जागीच किंवा लगेच होतो. जे वाचून दवाखान्यात येतात, त्यांचे रक्त बहुधा बाहेरच्या त्या पातळ, चिवट थराने आणि आजूबाजूच्या मांसतंतूंनी कसेबसे अडवून धरलेले असते. ते किती वेळ धरेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून ही इजा नजरेतून सुटता कामा नये.

पोटातल्या बाळाची जुनी वाट

आता दुसरी बाजू. गर्भात असताना बाळाची फुप्फुसे श्वास घेत नाहीत. प्राणवायू आईकडून नाळेतून येतो. मग फुप्फुसांकडे निघालेले रक्त तिकडे नेऊन उपयोग काय? म्हणून शरीराने एक आडवाट ठेवलेली असते. फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी छोटी नळी. तिचे नाव 'डक्टस आर्टिरिओसस'. ही नळी महाधमनीला मिळते ती जागा म्हणजे इस्थमसची आतली, खालची बाजू.

बाळ जन्मते, रडते, फुप्फुसांत हवा भरते. आडवाटेची गरज संपते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही नळी पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटते आणि पुढच्या काही आठवड्यांत तिची दोरी होऊन जाते. ही दोरी आपल्या सर्वांच्या छातीत आयुष्यभर असते.

काही माणसांत मात्र नळी जिथे महाधमनीला जोडलेली होती, तिथे भिंतीवर थोडासा उंचवटा उरतो. त्यालाच 'डक्टस डायव्हर्टिक्युलम' किंवा 'डक्टस बंप' म्हणतात. शंभर प्रौढांत सुमारे नऊ जणांत तो दिसतो. पोटावरची बेंबी जशी नाळेची खूण, तशी ही छातीच्या आतली बेंबी. तिला उपचार नको, ऑपरेशन नको, पथ्य नको.

अडचण एवढीच, की ही जन्मखूण आणि अपघाताची जखम नेमक्या एकाच जागी असतात. माणसाला उंचवटा आहे हे अपघात होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसते, कारण त्याआधी कुणी स्कॅन काढलेला नसतो.

डॉक्टर फरक कसा ओळखतात?

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच्या साहाय्याने शरीराचे पातळ काप पाहणे. या पद्धतीने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ साली लंडनमध्ये झाली. हे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि त्यामागचे गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रात काही सेकंदांत छातीचे शेकडो काप निघतात. शिरेतून कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर रक्त चित्रात पांढरे चमकते आणि धमनीच्या आतली कड स्पष्ट दिसते. इजा शोधायची तर हे इंजेक्शन लागतेच.

रेडिओलॉजिस्ट हे काप आडवे, उभे, तिरके फिरवून पाहतात आणि मनाशी काही प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न, कड कशी आहे? जन्मखुणेची कड गुळगुळीत, एकसंध असते. जखमेची कड खडबडीत, तुटक, वेडीवाकडी असते.

दुसरा प्रश्न, उतार कसा आहे? चादरीखाली उशी ठेवली तर चादर दोन्ही बाजूंनी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. जन्मखुणेचा उंचवटा असा असतो, भिंतीशी रुंद कोन करणारा. जखमेचा फुगा वेगळा. टायर चिरला की आतली ट्यूब त्या चिरेतून बाहेर डोकावते. तिथे उतार नसतो, भिंतीशी एकदम अरुंद, टोकदार कोन होतो. जखमेच्या फुग्यातही हेच घडलेले असते. आतले थर फाटलेले आणि रक्त बाहेरच्या थरावर भार देऊन बाहेर आलेले. याला 'स्यूडोॲन्युरिझम' म्हणजे खोटा फुगा म्हणतात. खोटा म्हणजे निरुपद्रवी नव्हे! त्याला तीनही थरांची भिंत नसते, म्हणून खोटा.

तिसरा प्रश्न, आत पापुद्रा लोंबतो आहे का? आतला थर फाटला तर त्याचा तुकडा रक्तात फडफडतो. चित्रात पांढऱ्या रक्तामध्ये काळसर रेघ दिसते. तिला 'इंटायमल फ्लॅप' म्हणतात. जन्मखुणेत असा पापुद्रा नसतो.

चौथा प्रश्न, आजूबाजूला रक्त साठले आहे का? छातीच्या मधल्या भागाला 'मिडियास्टायनम' म्हणतात. महाधमनीला लागून तिथे रक्त असेल तर संशय वाढतो. पण हे रक्त दर वेळी महाधमनीचेच असते असे नाही. छातीचे मधले हाड किंवा मणका मोडला, बारीक शिरा तुटल्या, तरी रक्त साठते. तेव्हा डॉक्टर पाहतात की रक्त महाधमनीला चिकटून आहे की दोघांच्या मध्ये चरबीचा स्वच्छ पट्टा शाबूत आहे. पट्टा शाबूत असेल तर रक्त बहुधा दुसरीकडचे.

पाचवा प्रश्न, महाधमनीचा आकार आणि घेर एकाएकी बदलला आहे का? इजेच्या जागी धमनी अचानक अरुंद किंवा वेडीवाकडी झालेली दिसू शकते.

यातले एकच उत्तर घेऊन निकाल लागत नाही. लहान चीर असेल तर आजूबाजूला रक्त नसतेही. उलट काही जन्मखुणांचा वरचा उतार जरा तीव्र असतो आणि त्या जखमेसारख्या भासतात. म्हणून सगळी उत्तरे एकत्र ठेवून आणि अपघात किती जोराचा होता हे पाहून निर्णय होतो. रात्री एका डॉक्टरने "शंका आहे" म्हणणे आणि सकाळी दुसऱ्याने "काही नाही" म्हणणे, यात फसवणूक नसते. शंका उघड बोलणारा डॉक्टर आपले काम चोखच करत असतो.

दिशाभूल करणाऱ्या आणखी काही गोष्टी

इस्थमसचा उंचवटा सर्वांत प्रसिद्ध, पण तो एकटाच नाही.

काही जणांत इस्थमसची जागा जरा अरुंद आणि त्याच्या लगेच पुढचा भाग विणकामाच्या चातीसारखा थोडा फुगीर असतो. याला 'एओर्टिक स्पिंडल' म्हणतात. हीसुद्धा गर्भातल्या रचनेचीच खूण.

बरगड्यांकडे किंवा श्वासनलिकांकडे जाणारे बारीक फाटे जिथून निघतात, तिथे कधी नरसाळ्यासारखा उंचवटा असतो. नरसाळ्याच्या टोकातून बारीक धमनी निघताना दिसली की शंका मिटते. जखमेच्या टोकातून धमनी निघत नाही.

कमानीचे फाटेही सर्वांचे सारखे नसतात. शंभरात दहाहून अधिक लोकांत पहिले दोन फाटे एकाच बुंध्यातून निघतात. शंभरात साधारण एखाद्या माणसात उजव्या हाताची धमनी सर्वांत शेवटी, डावीकडून निघते आणि अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. तिचा बुंधा कधी फुगीर असतो, त्याला 'कोमेरेलचा डायव्हर्टिक्युलम' म्हणतात. हा फुगवटाही जन्मजातच. मात्र तो मोठा असेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर त्यासाठी वेगळा सल्ला घ्यावा लागतो.

हलण्याचा घोटाळा तर नेहमीचा. लग्नात नाचणाऱ्या मुलाचा फोटो काढला तर हाताच्या दोन-दोन कडा दिसतात. हृदय तर थांबतच नाही. त्याच्या ठोक्याबरोबर महाधमनीचा सुरुवातीचा भाग हलतो आणि चित्रात दुहेरी कड उमटते. ती अगदी फाटलेल्या पापुद्र्यासारखी दिसते. इसीजीच्या तालावर, ठोक्याशी जुळवून पुन्हा स्कॅन काढला की ही दुहेरी कड बहुधा नाहीशी होते.

याशिवाय तरुण मुलांत छातीच्या पुढच्या भागात थायमस ग्रंथी शिल्लक असते, तर हृदयाच्या वेष्टनातले थोडे पाणी महाधमनीच्या कडेला दिसते. दोन्ही गोष्टी साठलेल्या रक्तासारख्या भासू शकतात.

साध्या एक्स-रेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. छातीचा मधला भाग रुंद दिसणे हा एक्स-रेतला इशारा. पण एक्स-रे चांगला आला म्हणून इजा नाहीच, असे म्हणता येत नाही. जोराच्या अपघातानंतर डॉक्टर सीटी सांगतात ते यासाठी.

इजाच असेल तर पुढे काय?

महाधमनीची इजा म्हटले की लगेच छाती उघडायची, असे आता राहिलेले नाही. डॉक्टर इजेच्या चार पायऱ्या मानतात. पहिली, फक्त आतल्या थराला चीर. दुसरी, भिंतीच्या आत रक्त उतरलेले. तिसरी, खोटा फुगा तयार झालेला. चौथी, भिंत फुटून रक्त बाहेर.

पहिल्या पायरीत बहुधा ऑपरेशन लागत नाही. औषधाने रक्तदाब आणि नाडी आटोक्यात ठेवतात, माणसाला नजरेखाली ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीने पुन्हा स्कॅन काढतात. आमच्या गवंडी बांधवाची इजा याच पायरीवर होती. पण औषधाविना, नजरेखाली न राहता, घरी जाऊन पुन्हा सिमेंटच्या गोण्या उचलणे म्हणजे चिरलेल्या टायरवर गाडी घाटात घालण्यासारखे झाले असते.

वरच्या पायऱ्यांत बहुतेक वेळा दुरुस्ती लागते. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवून इजेच्या जागी कापडी अस्तराची जाळीदार नळी बसवतात. तिला 'स्टेंट ग्राफ्ट' म्हणतात. पंक्चर झालेल्या जागी आतून पॅच लावावा तसे हे. शरीररचना सोयीची नसेल तर छाती उघडून ऑपरेशन करतात. चौथी पायरी म्हणजे तातडी, तिथे मिनिटांचा हिशेब असतो. स्टेंट ग्राफ्ट बसवलेल्या माणसाने पुढेही सांगितलेल्या मुदतीने तपासणीला गेलेच पाहिजे.

शंका शिल्लक राहिली तर? तर ठोक्याशी जुळवलेला स्कॅन, अन्ननलिकेतून केली जाणारी हृदयाची सोनोग्राफी किंवा धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफी, यांपैकी योग्य ती तपासणी डॉक्टर निवडतात. पूर्वी कधी टीबी, न्यूमोनिया किंवा आणखी कशासाठी छातीचा सीटी काढलेला असेल तर तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. जुन्या स्कॅनमध्येही तोच उंचवटा तसाच असेल, तर तो अपघाताचा नाही, हे एका नजरेत कळते.

रिपोर्टमध्ये भेटणारे शब्द

नॉर्मल व्हेरियंट: रचनेतला जन्मजात वेगळेपणा. आजार नव्हे.

डक्टस डायव्हर्टिक्युलम: जुन्या आडवाटेची खूण. उपचार नको.

स्यूडोॲन्युरिझम: फाटलेल्या थरांतून बाहेर आलेला फुगा. गंभीर.

इंटायमल फ्लॅप किंवा इंटायमल टिअर: आतल्या थराचा पापुद्रा किंवा चीर. दवाखाना सोडू नये.

मिडियास्टायनल हिमॅटोमा: छातीच्या मधल्या भागात साठलेले रक्त. ते कुठून आले हे विचारावे.

आर्टिफॅक्ट: यंत्रामुळे किंवा हालचालीमुळे चित्रात उमटलेला भास.

क्लिनिकल कोरिलेशन: रुग्णाला प्रत्यक्ष तपासून या चित्राचा अर्थ लावा, असा रेडिओलॉजिस्टचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना निरोप. हा शब्द पाहून घाबरू नये.

घरच्यांनी काय करावे?

१. वाहनाची जोराची धडक, छातीवर स्टिअरिंग किंवा हँडल आदळणे, उंचावरून पडणे, ढिगाऱ्याखाली दबणे यानंतर माणूस बोलतो-चालतो म्हणून घरी नेऊ नये. १०८ला फोन करावा. महाधमनीच्या इजेला बाहेरून खूण असेलच असे नाही.

२. छातीत किंवा दोन खवाट्यांच्या मध्ये दुखणे, दम लागणे, आवाज घोगरा होणे, चक्कर, एका हाताची किंवा पायांची नाडी कमी लागणे, यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे.

३. अपघात कसा झाला ते नीट सांगावे. वेग किती, किती उंचीवरून, सीट बेल्ट होता का. या माहितीवर डॉक्टर स्कॅनचा अर्थ लावतात. पोलिसांच्या किंवा मालकाच्या धाकाने खोटे सांगू नये.

४. कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनाआधी मूत्रपिंडाचा आजार, दमा, पूर्वी इंजेक्शनची ॲलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या, गर्भारपण याबद्दल न विसरता सांगावे.

५. डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. ही जन्मजात रचना आहे की इजा? रिपोर्ट अंतिम आहे की तात्पुरता? इजा असेल तर कोणत्या पायरीची? पुन्हा तपासणी केव्हा?

६. इजा सांगितली आणि खर्चाची धास्ती वाटली तर सही करून पळून जाऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. रुग्ण हलवण्याजोगा आहे का आणि कुठे हलवावा, हे डॉक्टरांनाच विचारावे.

७. "जन्मजात आहे, काही नाही" असे सांगितले तर तेही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. फिल्म, सीडी आणि रिपोर्ट एका पिशवीत घालून जपून ठेवावेत. पुन्हा कधी वेळ आली तर तोच उंचवटा पाहून पुन्हा तीच भीती आणि तोच खर्च नको.

८. सीटीमध्ये किरणांचा मारा साध्या एक्स-रेपेक्षा कित्येक पट असतो. गरज असताना तो जीव वाचवतो, तेव्हा नकार देऊ नये. पण केवळ मनाची खात्री म्हणून, डॉक्टरांनी न सांगता, वारंवार काढू नये.

९. टेम्पो, रिक्षा, ट्रक, गाडी चालवणाऱ्यांनी पट्टा असेल तिथे तो लावावाच. पट्टा छातीला स्टिअरिंगपासून राखतो. बांधकामावर परांचीला कठडा आणि अंगाला सुरक्षा पट्टा मागणे हा आपला हक्क आहे.

त्या टेम्पोवाल्या तरुणाच्या बरगड्या जुळल्या. डोरले गहाण पडले नाही. त्याच्या कागदांच्या पिशवीत आता एक चिठ्ठी आहे. तिच्यावर डॉक्टरांच्या हातचे लिहिलेले आहे: 'डक्टस डायव्हर्टिक्युलम, जन्मजात, उपचाराची गरज नाही.' गवंडी बांधवाच्या पिशवीतही चिठ्ठी आहे, पुढच्या स्कॅनच्या तारखेची. आम्ही दोघांनाही एकच सांगितले, पिशवी जपा. आपल्या घरातही अशी पिशवी असेल तर आज ती उघडून पाहा. कागद एकत्र नसतील तर एकत्र करा. न समजलेला रिपोर्ट असेल तर तो मोबाइलला विचारू नका, दवाखान्यात जाऊन माणसाला विचारा.